जुन्या कागदांतले मण, शेर, तोळे किलो-ग्रॅममध्ये कसे आणावेत

वडिलोपार्जित दागिन्यांची यादी, सावकाराची वही, धान्याच्या वाटणीचा कागद, अडत्याची पट्टी. यांतल्या वजनांचे आजचे किलो-ग्रॅम काढताना गुणाकार सहसा चुकत नाही, एकक ओळखण्यात चूक होते. कागदावर नुसते "मण" लिहिलेले असते. तो मण ३७.३ किलोचा असू शकतो, १२.७ किलोचा असू शकतो, आणि कागद अलीकडचा असेल तर चक्क २० किंवा ४० किलोचाही असू शकतो. म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी कागद नीट वाचायचा.

चार प्रश्न विचारा. कागद कुठला आहे? कोणत्या सालचा आहे? माल कोणता आहे? आणि मोजणी तराजूने केली आहे की मापाने? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. "शेर" आणि "मण" ही नावे वजनालाही होती आणि धान्य-दूध मोजायच्या भांड्यालाही होती. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

बंगाली किंवा पक्क्या मणाची साखळी

ब्रिटिश हिंदुस्थानात १८३३ साली तोळा १८० ट्रॉय ग्रेनवर पक्का करण्यात आला. कंपनी सरकारचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता. एक ग्रेन म्हणजे ०.०६४७९८९१ ग्रॅम, म्हणून तोळा ११.६६३८ ग्रॅमचा. बाकी सगळी वजने याच तोळ्यावर उभी आहेत:

८ गुंजा = १ मासा
१२ मासे = १ तोळा
५ तोळे = १ छटाक
१६ छटाक, म्हणजे ८० तोळे = १ शेर
५ शेर = १ पासरी
४० शेर = १ मण

आणि त्यांचे मेट्रिक आकडे असे:

गुंज: ०.१२१५ ग्रॅम
मासा: ०.९७२ ग्रॅम
तोळा: ११.६६३८ ग्रॅम
छटाक: ५८.३२ ग्रॅम
नवटाक (शेराचा आठवा हिस्सा): ११६.६४ ग्रॅम
पावशेर: २३३.२८ ग्रॅम
अच्छेर (अर्धा शेर): ४६६.५५ ग्रॅम
शेर: ९३३.१० ग्रॅम
पासरी: ४.६६५५ किलो
मण: ३७.३२४२ किलो

१९३९ च्या वजनांच्या कायद्याने हीच साखळी देशाची प्रमाण साखळी ठरवली: १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. म्हणून १९४० च्या दशकापासून साठीच्या सुरुवातीपर्यंतच्या सरकारी, रेशनच्या किंवा रेल्वेच्या कागदात मण-शेर आले, तर ही साखळी बहुतेक वेळा बिनधास्त लावता येते. त्याआधीच्या खासगी कागदांना ती आपोआप लावायची नाही.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी त्रयी लक्षात ठेवण्यासारखी आहे: ३ तोळे म्हणजे ३५ ग्रॅम, १५ शेर म्हणजे १४ किलो, ३ मण म्हणजे ११२ किलो. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच आणि अगदी थोडी येते: उत्तर खऱ्यापेक्षा १०० किलोमागे साधारण २५ ग्रॅमने जास्त. शेराचे किलो करायचे तर आकड्यातून त्याचा पंधरावा भाग वजा करा. किलोचे शेर करायचे तर चौदावा भाग मिळवा. सोने सोडून बाकी सगळ्याला एवढे पुरते.

मुंबईचा मण आणि खंडी

मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा होता, म्हणजे १२.७००६ किलो. त्याचेही शेर चाळीसच. त्यामुळे मुंबईचा शेर ०.७ पौंडाचा, म्हणजे ३१७.५ ग्रॅमचा होतो, पक्क्या शेराच्या जेमतेम एक तृतीयांश. असे २० मण म्हणजे १ खंडी: ५६० पौंड, २५४.०१ किलो. विलायती मापांशी हे छान जुळते. २८ पौंड म्हणजे हंड्रेडवेटचा (११२ पौंड) पाव भाग आणि ५६० पौंड म्हणजे विलायती टनाचा (२२४० पौंड) पाव भाग. मुंबईच्या व्यापाराच्या कागदात मण आणि हंड्रेडवेट शेजारी शेजारी दिसले, तर हा ताळा लगेच करून पाहता येतो.

मुंबईचा शेर ७२ टाकांचा (टाक हे त्या साखळीतले छोटे वजन). "नवटाक" या शब्दातले नऊ टाक म्हणजे बरोबर त्या शेराचा आठवा भाग. शब्द त्या साखळीतून आला आणि पुढे कोणत्याही शेराच्या आठव्या भागाला चिकटला. म्हणून "नवटाक" दिसला म्हणजे मुंबईचाच शेर, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

कापसाची खंडी वेगळी आहे. ती ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६ किलोची. कापसाचे भाव आजही खंडीवर बोलले जातात, आणि ते याच खंडीवर. कागदात कापूस असेल तर २५४ लावू नका, फरक शंभर किलोंहून जास्त पडतो. मद्रासकडचा माल असेल तर तिथला मण २५ पौंडांचा (११.३४ किलो) आणि खंडी ५०० पौंडांची (२२६.८ किलो). बंगालच्या निर्यातीच्या जुन्या कागदात "फॅक्टरी मण" आला तर तो ७४ पौंड आणि पौंडाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३३.८७ किलो.

आता एकाच नोंदीवर दोन्ही मण लावून पाहू. नोंद अशी: ३ मण १७ शेर, पावशेर नवटाक.

आधी सगळ्याचे शेर करा. ३ × ४० = १२०, अधिक १७, झाले १३७. पावशेर ०.२५ आणि नवटाक ०.१२५, मिळून ०.३७५. एकूण १३७.३७५ शेर. पक्का शेर असेल तर × ०.९३३१०४ = १२८.१९ किलो. मुंबईचा शेर असेल तर × ०.३१७५१५ = ४३.६२ किलो.

नोंद तीच, पण उत्तर जवळजवळ तिप्पट. कुठला मण हे ठरवायला कागदातच पुरावा शोधा. पोत्यांची किंवा बैलगाड्यांची संख्या दिली असेल तर एका पोत्यात, एका गाडीत किती माल बसेल याचा अंदाज घ्या. त्याच वहीत पुढे कुठे पौंड किंवा हंड्रेडवेट आले असेल तर तो आकडा मणावर ताडून पाहा. शेर किती तोळ्यांचा किंवा किती रुपये भाराचा (किती रुपयांच्या वजनाचा), हे लिहिलेले सापडले तर शोध संपला: तोळ्यांची संख्या गुणिले ११.६६३८ ग्रॅम. जिल्ह्यानुसार शेर बदलत असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांमध्ये त्या त्या भागातल्या वजनमापांची माहिती सापडते. तुमच्या गावाच्या जिल्ह्याचा खंड आधी पाहावा.

१८३३ च्या आधीच्या कागदांत आणखी एक पायरी वाढते. तेव्हा तोळा किंवा "रुपये भार" म्हणजे त्या भागात चालणाऱ्या रुपयाचे वजन, आणि अंकुशी, चांदवडी अशा रुपयांची वजने सारखी नव्हती. मराठवाड्याच्या कागदात तर निजामाचा हाली सिक्का फार पुढेपर्यंत चालला, आणि तो इंग्रजी रुपयापेक्षा हलका होता. अशा वेळी उत्तर एक आकडा म्हणून न देता "अमुक रुपया धरल्यास इतके" असे लिहावे.

आकडे वाचताना

जुन्या मराठी हिशेबात अपूर्णांक उभ्या दंडांनी लिहीत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. हे दंड १ च्या आकड्यासारखे दिसतात. घाईत १॥ चे १११ होतात, आणि स्कॅनमधून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरकडून तर हे हमखास होते. दंड कोणत्या रकान्यात आहे हेही बघा. मणाच्या रकान्यातला एक दंड म्हणजे पाव मण, म्हणजे १० शेर. तोच शेराच्या रकान्यात असेल तर फक्त पावशेर.

शब्दांत लिहिलेल्या नोंदीत "पावणे" पुढच्या आकड्यातून पाव वजा करतो. पावणेचार मण म्हणजे ३.७५ मण, १५० शेर. "औट" म्हणजे साडेतीन. या शब्दाची सवय आता मोडली आहे, पण जुन्या पाढ्यांत औटकी होती आणि हिशेबनिसाच्या लेखणीत औट सहज येतो.

एक्सेलमध्ये नोंदी भरताना ३ मण १७ शेर हे ३.१७ असे लिहू नका. ते दशांश नाही, ३ मण १७ शेर म्हणजे ३.४२५ मण. मण, शेर आणि शेराचा भाग असे तीन स्वतंत्र रकाने करा आणि चौथ्या रकान्यात सूत्र घाला. मूळ आकडे जसेच्या तसे ठेवा. पुढे मण वेगळाच होता असे कळले तर फक्त गुणक बदलावा लागेल, सगळे पुन्हा वाचत बसावे लागणार नाही.

सोने-चांदी: तोळा नेमका कुठला

इथे चूक महागात पडते, म्हणून सावकाश. बोलण्यात आज "तोळा" म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६३८ ग्रॅमचा. आजीच्या काळातल्या यादीतले तोळे १० ने गुणले तर दर तोळ्यामागे १.६६ ग्रॅम, म्हणजे खऱ्या वजनाच्या चौदा टक्क्यांहून जास्त सोने कागदावरून गायब होते. उलट आजच्या पावतीतल्या तोळ्याला ११.६६ लावले तर सोने फुगते. यादी मेट्रिक येण्याआधीची असेल आणि त्यात मासे-गुंजा असतील तर तोळा जुना. १० ग्रॅमच्या तोळ्याबरोबर मासे-गुंजा सहसा कोणी लिहीत नाही.

उदाहरण: ५ तोळे ७ मासे ३ गुंजा.

सगळ्याच्या गुंजा करा. एका तोळ्याच्या ९६ गुंजा होतात. ५ × ९६ = ४८०, ७ × ८ = ५६, अधिक ३. एकूण ५३९ गुंजा. × ०.१२१४९८ = ६५.४९ ग्रॅम. १० ग्रॅमचा तोळा धरला असता तर ५६.१५ ग्रॅम आले असते, ९.३४ ग्रॅम कमी. आणि कोणी ५.७३ तोळे असे वाचून ११.६६३८ ने गुणले तर ६६.८३ येते, तेही चूक.

ताळा करायला ट्रॉय औंस उपयोगी पडतो. ४८० ग्रेनचा ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, म्हणून एक तोळा म्हणजे बरोबर तीन अष्टमांश ट्रॉय औंस. दहा तोळ्यांचे सोन्याचे बिस्कीट म्हणूनच पावणेचार औंसांचे, ११६.६४ ग्रॅमचे असते.

यादीतले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले नाही, तर लगेच चोरी किंवा फसवणूक समजू नका. जुन्या दागिन्यांत पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, खडे असतात, दोरा-गोंडा असतो. यादी कधी लाखेसकट वजनाची असते, कधी निव्वळ सोन्याची. शिवाय वर्षानुवर्षे वापरलेल्या बांगड्या झिजतात. आणि वजन म्हणजे शुद्ध सोने नव्हे, कस वेगळा तपासावा लागतो.

रत्नांच्या बाबतीत गुंज लावू नका. सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, १२१.५ मिलिग्रॅम. रत्नांच्या व्यवहारातली पक्की रत्ती तिच्या दीडपट, साधारण १८२ मिलिग्रॅमची. कॅरट २०० मिलिग्रॅमचा. पाच रत्तीचा पुष्कराज म्हणजे पाच कॅरट नव्हे, ४.५६ कॅरट.

धान्य मापाने मोजले असेल तर

२ चिपटी = १ मापटे, २ मापटी = १ शेर, ४ शेर = १ पायली, मग कुठे १२ तर कुठे १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. कागदात पायली, मापटे, चिपटे, कोळवे यांतला एकही शब्द दिसला की समजावे, हा शेर भांड्याचा आहे. त्याला ०.९३३ ने गुणणे निरर्थक. भांडे आकारमान मोजते, आणि एकाच भांड्यात प्रत्येक धान्य वेगळे भरते. एक लिटरच्या मापात गहू साधारण ७५० ते ८०० ग्रॅम बसतो, भात (सालीसकट) ५५० ते ६०० ग्रॅमच.

घरात जुने माप शिल्लक असेल तर खात्रीचा मार्ग हा: कागदात जे धान्य आहे तेच घ्या, सुके आणि निवडलेले. मापात न दाबता, न आपटता ओता. आपटले की धान्य बसते आणि वजन वाढते. तीनदा भरून तीनदा तोला, सरासरी घ्या. भांडे गळत नसेल तर पाणी भरूनही आकारमान काढता येते, एक किलो पाणी म्हणजे एक लिटर. पण पाण्याला शीग (मापाच्या काठावर चढवलेली धान्याची रास) लागत नाही, आणि देणी-घेणी शीग लावून होत असत. १५ सेंटिमीटर तोंडाच्या भांड्यावर ४ सेंटिमीटर उंच शीग लावली तर त्या शंकूत साधारण २३५ मिलिलिटर धान्य जास्त बसते. भांडेही १५ सेंटिमीटर खोल असेल तर ही वाढ जवळजवळ नऊ टक्के आहे. कागदात "शीग" आहे की "सपाट", हे शोधा.

माप शिल्लक नसेल तर वजनाचा एकच आकडा ठोकून देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे द्या.

विलायती आणि वैद्यकी वजने

पौंड ४५३.५९२ ग्रॅम, साधा औंस २८.३५ ग्रॅम, हंड्रेडवेट ११२ पौंड म्हणजे ५०.८० किलो, विलायती टन २२४० पौंड म्हणजे १०१६ किलो. अमेरिकी कागदातला टन मात्र २००० पौंडांचा, ९०७.२ किलोचा. सोने-चांदी आणि औषधे यांचा औंस ट्रॉय असतो, बाकी मालाचा साधा. दोन्ही औंसांत जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक आहे.

आयुर्वेदाच्या पाठांना, म्हणजे औषधांच्या कृतींना, बाजारातला तोळा लावू नये. भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने त्यांच्यासाठी सरळ मेट्रिक आकडे ठरवले आहेत: गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम, कर्ष म्हणजे तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम. एका पाठातली सगळी द्रव्ये याच साखळीने मोजा. अर्धी बाजारी तोळ्याने आणि अर्धी फॉर्म्युलरीच्या तोळ्याने मोजली तर प्रमाणच बिघडते. द्रव पदार्थांना दुप्पट घेण्याचा नियम वेगळा आहे, तो वैद्याला विचारल्याशिवाय लावू नये.

उलटा हिशेब आणि आकडे किती ठेवायचे

ग्रॅमचे तोळे-मासे करताना आकडा शेवटच्या पायरीवरच गोल करा. २५० ग्रॅम ÷ ११.६६३८ = २१.४३३८. पूर्ण तोळे २१. उरलेले ०.४३३८ × १२ = ५.२०६, पूर्ण मासे ५. उरलेले ०.२०६ × ८ = १.६५ गुंजा. उत्तर: २१ तोळे ५ मासे, वर साधारण १.६५ गुंजा. सुरुवातीलाच २१.४ धरले असते तर २१ तोळे ४ मासे ६.४ गुंजा आले असते, आणि तीन गुंजांहून जास्त सोने हिशेबातून गळाले असते.

किलोकडे जाताना उलट काळजी घ्यायची. "सुमारे दोन खंडी" असे लिहिले असेल तर ५०८.०२३ किलो हे उत्तर खोटी अचूकता दाखवते. "सुमारे ५१० किलो" पुरेसे आहे. मूळ नोंद शेरापर्यंत असेल तर उत्तर किलोपर्यंत द्या, नवटाकापर्यंत असेल तर शंभर ग्रॅमपर्यंत, गुंजेपर्यंत असेल तर ग्रॅमच्या दशांशापर्यंत.

हातातल्या वस्तूवरून पडताळा

घरात जुने लोखंडी शेराचे वजन असेल तर ते डिजिटल काट्यावर ठेवा. ९३३ ग्रॅमच्या आसपास आले तर पक्का शेर. ३१७ च्या आसपास आले तर मुंबईचा. दोन्हीपासून लांब असेल तर खालचा शिशाचा बूच पडला आहे का ते पाहा, तो गेला की वजन हलके भरते. गंजही फसवतो, कधी लोखंड झडून वजन घटते तर कधी थर चढून थोडे वाढते. राणीछाप रुपया नवाकोरा असताना ११.६६ ग्रॅमचा. हातातला तेवढाच भरेल असे नाही, पण काही रुपये मिळून तोलले आणि सर्वांत जास्त भरणारा घेतला, तर तोळ्याचा बऱ्यापैकी खात्रीचा नमुना मिळतो. हे करायला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही.

वाटणीपत्र किंवा विक्रीचा कागद नव्याने करायचा असेल तर त्यात वजन ग्रॅम-किलोमध्येच लिहा, कारण २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे व्यवहार मेट्रिकमध्येच करायचा असतो. जुनी नोंद संदर्भासाठी खाली घ्या आणि तिच्यापुढे कोणता गुणक वापरला ते लिहा: "५ तोळे ७ मासे ३ गुंजा, तोळा ११.६६३८ ग्रॅम धरून ६५.५ ग्रॅम".